भिंत आपली, कागद कुणाचा?

६ डिसेंबरला शिवाजी पार्कच्या मैदानात, पुस्तकांच्या स्टॉलच्या अगदी शेवटच्या रांगेत, आम्ही काही मित्र एक टेबल टाकून बसतो. पुठ्ठ्यावर मार्करने लिहिलेले असते, 'सरकारी योजनांची माहिती मोफत मिळेल'. प्रश्न बहुतेक ठरलेले असतात. स्वाधारचे पैसे कधी जमा होणार, जात पडताळणीसाठी १९५० पूर्वीचा पुरावा कुठून आणायचा, परदेशी शिष्यवृत्तीचे अर्ज कधी सुटणार. यंदा मात्र दुपारपर्यंत एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडून पुन्हा पुन्हा आला. घराच्या दुरुस्तीसाठी सरकारी कर्ज मिळते का?

विचारणारे तीन प्रकारचे होते. काही मराठवाडा-विदर्भातून आलेले, गावाकडचे घरकुल अर्धवट राहिलेले. काही नायगाव-वरळीच्या बीडीडी चाळींतले, नवी सदनिका मिळालेले किंवा मिळण्याच्या वाटेवर असलेले. आणि काही परळ, लालबाग, दादरच्या जुन्या उपकरप्राप्त इमारतींतले भाडेकरू. यातल्या परळच्या एक ताई अजून आमच्या डोक्यातून जात नाहीत. महापालिकेत सफाई खात्यात नोकरी, निवृत्तीला सात वर्षे, चाळीत एकच खोली. मोरीची फरशी खचली आहे, पाणी खालच्या खोलीत झिरपते आणि खालचे रोज भांडायला वर येतात. मोरी नवी करायची, वायरिंग बदलायचे, पोटमाळ्याच्या कुजलेल्या फळ्या काढायच्या. मिस्त्रीने अडीच लाख सांगितले. ज्या बँकेत वीस वर्षे पगार जमा होतो तिथेच त्या गेल्या. साहेबांनी विचारले, "घर कुणाच्या नावावर?" ताईंनी भाडेपावती पुढे केली. साहेब म्हणाले, "ही चालत नाही. तुम्ही पर्सनल लोन घ्या."

ताईंना कर्ज नाकारले गेले असे नाही. उलट महाग कर्ज लगेच द्यायला बँक तयार होती. सरकारच्या पाठबळाचे स्वस्त कर्ज तेवढे त्यांच्यासाठी नव्हते. आम्हाला वाटते, घराच्या प्रश्नावर काम करणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याने हा फरक नीट समजून घेतला पाहिजे. तो कळला नाही तर आपण योजनांची पत्रके वाटत राहू आणि आपली माणसे व्याज भरत राहतील.

आपण 'सरकारी कर्ज' म्हणतो खरे, पण घरासाठी सरकार सहसा स्वतः कर्ज देत नाही. पैसे बँक किंवा गृहवित्त कंपनी देते. सरकार व्याजाचा काही भाग उचलते, किंवा कर्ज बुडाले तर नुकसानीची हमी घेते, किंवा अशी कर्जे दिलीच पाहिजेत असे बँकांना बजावते. हे तिन्ही प्रकार आपल्या देशात आहेत आणि तिन्हींत कधी ना कधी घरदुरुस्तीचा उल्लेख आहे.

व्याजाचे आधी पाहू. २०१५ ला सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या शहरी भागात कर्जाशी जोडलेले व्याज अनुदान होते. वर्षाला ६ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला ६ लाखांपर्यंतच्या कर्जावर ६.५ टक्के व्याज सरकार भरत असे. हे अनुदान नव्या घरापुरतेच नव्हते. आहे त्या घराला खोली, स्वयंपाकघर, शौचालय जोडण्यासाठीही ते होते. ही ओळ आपल्या वस्त्यांत किती जणांपर्यंत पोहोचली? आमच्या टेबलावर आलेल्यांपैकी एकालाही ती माहीत नव्हती, आणि खरे सांगायचे तर आमच्यातल्या दोघांनाही ती उशिराच कळली. ३१ मार्च २०२२ ला ते अनुदान बंद झाले.

सप्टेंबर २०२४ पासून आवास योजनेचा दुसरा टप्पा सुरू झाला. त्यात ९ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना पहिल्या ८ लाखांच्या कर्जावर ४ टक्के अनुदान आहे, जास्तीत जास्त १ लाख ८० हजार, तेही पाच वार्षिक हप्त्यांत. पण कशासाठी? घराची खरेदी, फेरखरेदी आणि बांधकाम. आहे ते घर वाढवण्याची तरतूद गळून पडली. शिवाय कर्ज २५ लाखांपेक्षा आणि घराची किंमत ३५ लाखांपेक्षा जास्त नको. शिवाजी पार्कच्या परिसरात ३५ लाखांत घर मिळत नाही हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. म्हणजे दादर-परळच्या गरिबासाठी योजना कागदावर आहे, पण ती लागू पडेल असे घर या भागात नाही. दिल्लीत बसून देशभरासाठी एकच आकडा ठरवला की मुंबईतला कामगार हा असा बाहेर पडतो.

दुसरा प्रकार हमीचा. २०१२ मध्ये केंद्राने अल्प उत्पन्न गटाच्या घरकर्जांसाठी पतहमी निधी स्थापन केला. तिसऱ्याचा जामीन किंवा जादा तारण न घेता दिलेली छोटी घरकर्जे बुडाली तर नुकसानीचा मोठा भाग हा निधी सोसतो. घरसुधारणेसाठी दिलेले कर्जही त्यात बसते. २०२४ मध्ये या निधीची रक्कम १ हजार कोटींवरून ३ हजार कोटी करण्याचा निर्णय झाला. तिसरा प्रकार प्राधान्य क्षेत्राचा. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार ठरावीक मर्यादेपर्यंतचे घरदुरुस्तीचे कर्ज प्राधान्य क्षेत्रात मोजले जाते; २०२० च्या निर्देशांत महानगरांसाठी ही मर्यादा १० लाख होती. बँकांनी एकूण कर्जांपैकी ४० टक्के या क्षेत्राला द्यायची असतात आणि त्यात दुर्बल घटकांचा वेगळा वाटा ठरलेला असतो. अनुसूचित जातींचे कर्जदार या दुर्बल घटकांत येतात. आणि १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्धही केंद्रीय पातळीवर अनुसूचित जातींत आहेत. त्या एका दुरुस्तीसाठी धर्मांतरानंतर चौतीस वर्षे झगडावे लागले, हे तरुण मित्रांनी विसरू नये. तो दाखला नोकरी आणि प्रवेशापुरताच आहे असे समजून आपण तो कपाटात ठेवतो. बँकेच्या दारातही त्याला अर्थ आहे.

एवढे सगळे पाठबळ असताना ताईंचे घोडे कुठे अडले? कागदावर. घरकर्ज स्वस्त असते कारण त्यामागे घर गहाण असते. हमी निधी असो की व्याज अनुदान, बँक आधी घराचा दस्त मागते. नोंदणीकृत करार, सोसायटीचे ना हरकत पत्र, मंजूर नकाशा. भाडेकरूकडे यातले काहीच नसते. पागडीवाल्याकडेही नसते, मग त्याने पागडी कितीही मोजलेली असो. त्यामुळे शिवाजी पार्कच्या समोर समुद्राची हवा खाणाऱ्या सोसायटीतला मालक आपल्या जुन्या गृहकर्जावर 'टॉप-अप' घेऊन संगमरवर बसवतो, आणि मैलभर अंतरावर परळच्या चाळीत मोरी दुरुस्त करण्यासाठी दुप्पट व्याज भरावे लागते. अर्थात शिवाजी पार्क परिसरातही जुने भाडेकरू आहेत, त्यांत सवर्ण मध्यमवर्गीयही आहेत, आणि त्यांचीही हीच अडचण आहे. ही अडचण जातीच्या नावाने लिहिलेली नाही. पण या शहरात कागद कुणाकडे साठले आणि भाडेपावत्या कुणाच्या हाती राहिल्या, हे पाहिले की जात आपोआप दिसते. बाबासाहेब स्वतः परळच्या बीआयटी चाळीत दोन खोल्यांत वर्षानुवर्षे राहिले. हिंदू कॉलनीत राजगृह उभे राहिले ते त्यानंतर.

भाडेकरूला कायदा काहीच देत नाही असे नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ चे कलम १४ सांगते की घर राहण्याजोगे ठेवणे मालकाचे कर्तव्य आहे. त्याने ते केले नाही तर भाडेकरूने १५ दिवसांची नोटीस देऊन दुरुस्ती स्वतः करावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा. वाचून आनंद होतो. पुढची अट वाचली की ओसरतो. वर्षभरात वळती करायची रक्कम वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून जास्त नको. महिन्याचे भाडे १५० रुपये धरा. वर्षाचे १८००, त्याचा चौथा हिस्सा ४५० रुपये. ताईंच्या अडीच लाखांची फेड या वेगाने व्हायला साडेपाचशे वर्षे लागतील.

इथे एक गोष्ट आमच्यातच वादाची झाली. भाडेकरूला स्वस्त कर्ज द्या अशी मागणी करणे म्हणजे मालकाची आणि म्हाडाची जबाबदारी भाडेकरूच्या गळ्यात मारणे नव्हे का? आमच्यातले एक जुने कामगार कार्यकर्ते याच मुद्द्यावर अडून बसले आणि त्यांचे म्हणणे बरोबर आहे. उपकरप्राप्त इमारतींचे भाडेकरू १९६९ च्या कायद्यापासून दुरुस्तीचा उपकर भरत आले आहेत. तुळया, खांब, जिना, बाहेरच्या भिंती, म्हणजे इमारतीचा सांगाडा, हे म्हाडाच्या इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचे काम. त्यासाठी भाडेकरूने कर्ज काढणे म्हणजे एकाच दुरुस्तीचे पैसे दोनदा भरणे. तेव्हा आमची मागणी खोलीच्या उंबरठ्याच्या आतली आहे. मोरी, शौचालय, वायरिंग, लादी, आजारी माणसासाठी कमोड. सांगाड्यासाठी कुणी कर्ज काढा म्हणत असेल तर त्याला मंडळाच्या कार्यालयाचा रस्ता दाखवावा.

आता बीडीडीकडे येऊ, कारण तिथे पुढच्या काही वर्षांत या प्रश्नाला वेगळेच वळण लागणार आहे.

१९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने २०७ चाळी बांधल्या. वरळीत १२१, नायगावला ४२, ना. म. जोशी मार्गावर ३२ आणि शिवडीला १२. खोली १६० चौरस फुटांची, संडास सामाईक. याच खोल्यांत गिरणी कामगारांच्या बरोबरीने आपली हजारो कुटुंबे वाढली, इथल्याच मैदानांत सभा झाल्या, जानेवारी १९७४ ला वरळीत पँथरच्या पोरांनी मार खाल्ला आणि दिलाही. (एवढा इतिहास असलेल्या चाळींचे नामांतर झाले तेव्हा बाळासाहेब ठाकरे, शरद पवार आणि राजीव गांधी ही तीन नावे मिळाली. असो.) शिवडी वगळता तीन ठिकाणी पुनर्विकास सुरू आहे. १६० फुटांच्या बदल्यात ५०० चौरस फुटांची सदनिका, मालकी हक्काने, मोफत. १४ ऑगस्ट २०२५ ला वरळीतल्या पहिल्या ५५६ सदनिकांच्या चाव्या दिल्या गेल्या.

हा मोठा विजय आहे आणि त्याला कमी लेखण्याचे आम्हाला काहीच कारण नाही. शंभर वर्षे भाडेकरू राहिलेल्या कुटुंबाच्या नावावर पहिल्यांदा मुंबईत घर लागते आहे. पण नेमक्या याच क्षणी त्याच्या दारात कर्जवाला उभा राहतो. नायगावच्या आमच्या एका मित्राला इमारत पूर्ण व्हायच्या आधीपासून 'इंटेरिअर लोन'चे फोन येऊ लागले. दोन दिवसांत मंजुरी, कागद नकोत, फक्त पगाराची स्लिप. साहजिक आहे. १६० फुटांतले कपाट ५०० फुटांत शोभत नाही, शेजारच्याने फॉल्स सीलिंग केले की आपल्या भिंती उघड्या वाटू लागतात, आणि मुलीच्या लग्नाची बोलणी याच घरात व्हायची असतात. यात हसण्यासारखे काही नाही. चार पिढ्या एका खोलीत राहिलेल्या माणसाला नीट घर लावावेसे वाटणारच.

पण हिशेब करा. ५ लाखांचे कर्ज, मुदत पाच वर्षे. गृहकर्जासारख्या ९ टक्के दराने महिन्याचा हप्ता सुमारे १० हजार ३८० रुपये होतो आणि एकूण व्याज १ लाख २३ हजारांच्या आसपास जाते. तेच कर्ज १६ टक्क्यांनी घेतले तर हप्ता १२ हजार १६० आणि व्याज जवळजवळ २ लाख ३० हजार. फरक एक लाखाहून जास्त. यापेक्षा फसवा प्रकार 'फ्लॅट' दराचा. फोनवरचा मुलगा सांगतो, "सर, फक्त १० टक्के." पण ते १० टक्के पाचही वर्षे पूर्ण ५ लाखांवर लावलेले असतात, तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडत असलात तरी. व्याज अडीच लाख, हप्ता साडेबारा हजार. घटत्या शिल्लक रकमेवर हाच दर काढला तर तो १७ टक्क्यांच्या वर जातो. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेने प्रत्येक किरकोळ कर्जासाठी ठळक माहितीपत्रक देणे सक्तीचे केले आहे. सर्व शुल्के धरून वर्षाचा खरा दर किती, हे त्यात लिहावेच लागते. सही करण्याआधी हा कागद मागा. देत नसेल तर फोन ठेवा. बुद्धांनी अनाथपिंडकाला गृहस्थाची चार सुखे सांगितली, त्यांत एक अनणसुख आहे, कर्ज नसल्याचे सुख. विहारात आपण ते ऐकतो आणि बाहेर येऊन हप्त्यावर टीव्ही घेतो. आम्हीही घेतला आहे.

आणि चावी मिळणे ही एक तारीख असते. गहाण ठेवता येईल असा कागद हातात पडणे ही दुसरी. करारनाम्याची नोंदणी, सोसायटी स्थापन होणे, तिच्या नोंदवहीत नाव लागणे यात वेळ जातो. घाई नेमकी या मधल्या काळात होते आणि महाग कर्जे याच काळात गळ्यात पडतात. आमचा सल्ला साधा आहे. राहायला जाण्यापुरते काम आधी करा, बाकीचे काम कागद हातात आल्यावर. तेव्हा तुम्ही बँकेच्या दारात मालक म्हणून जाल आणि घरसुधारणेचे कर्ज गृहकर्जाच्या दराजवळ मागू शकाल.

गावाकडून आलेल्यांसाठी थोडक्यात. रमाई आवास योजना अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी आहे. ते अनुदान आहे, कर्ज नव्हे, आणि शहरी भागात त्याची रक्कम अडीच लाख आहे. पण स्वतःची जागा किंवा कच्चे घर लागते, त्यामुळे मुंबईच्या चाळीतल्या भाडेकरूला तिचा उपयोग नाही. पंतप्रधान आवासची दुसरी अट मात्र पुष्कळांना उगाच घाबरवते. देशात कुठेही पक्के घर नको, हे ऐकून लोक गावच्या वडिलांच्या घराचा विचार करतात आणि अर्जच करत नाहीत. योजनेत कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि अविवाहित मुले. लग्न झालेल्या मुलाच्या अर्जाला वडिलांच्या नावावरचे घर आड येत नाही. ते घर वारसाने तुमच्या नावावर झाले असेल तर गोष्ट वेगळी.

कागद नसलेल्यांना सरकारी पाठबळाबाहेर ठेवण्याचा प्रकार फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिकेत महामंदीच्या काळात, १९३४ च्या गृहनिर्माण कायद्याने सरकारने घरदुरुस्तीच्या कर्जांचा विमा उतरवायला सुरुवात केली. त्या कायद्याचे पहिले प्रकरणच दुरुस्तीचे होते. गवंडी-सुतारांना काम मिळावे आणि पडकी घरे सावरावीत हा हेतू. पण त्याच काळातल्या सरकारी यंत्रणांनी शहरांचे नकाशे जोखमीनुसार वाटले आणि कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल रंगात टाकल्या. तिथे घर घ्यायला किंवा सुधारायला स्वस्त कर्ज नाही. घरे ढासळली, मग ढासळलेली घरे दाखवून पुन्हा म्हटले की बघा, इथे जोखीम आहे. १९६८ च्या कायद्याने असा भेदभाव बेकायदा ठरला, तोवर एक पिढी घराच्या मालकीवाचून गेली होती. ज्यांच्या नावावरून पँथरने नाव घेतले त्यांच्या लढ्यात घर हा मुद्दा का होता, ते यातून कळते. आपल्याकडे लाल नकाशा नाही. भाडेपावती तेवढेच काम करते.

मग करायचे काय? भाडेकरूला द्यायच्या दुरुस्ती कर्जासाठी घराऐवजी पगार आणि दीर्घकाळचा ताबा हा आधार धरता येतो, आणि जोखमीसाठी पतहमी निधी आहेच. ३ हजार कोटींच्या निधीतला एक छोटा भाग जुन्या शहरांतल्या भाडेकरूंच्या तीन-चार लाखांच्या कर्जांसाठी राखून ठेवा, आवास योजनेच्या व्याज अनुदानात घर वाढवण्याची आणि सुधारण्याची तरतूद परत आणा, आणि ३५ लाखांची अट मुंबईपुरती बदला. या मागण्या महापालिकेच्या अखत्यारीत नाहीत. त्या खासदारांकडे न्याव्या लागतील. निवडणुकीत चैत्यभूमीवर हार घालायला येणाऱ्या प्रत्येकाला हा कागद हातात द्यायला हरकत नाही.

त्याआधी आपल्या हातात एक गोष्ट आहे आणि ती आजच करता येते. बँकेत तोंडी विचारून परत येऊ नका. लेखी अर्ज द्या, जातीचा दाखला जोडा, पोच घ्या. कर्ज नाकारले तर मुख्य कारण लेखी कळवणे बँकेवर बंधनकारक आहे. आणि अनुसूचित जाती-जमातींच्या कर्जदारांसाठी रिझर्व्ह बँकेचे वेगळे परिपत्रक आहे. त्यानुसार त्यांचा अर्ज शाखेने परस्पर फेटाळायचा नाही. नकाराचा निर्णय वरच्या पातळीवर, कारण नमूद करून व्हायला हवा. काउंटरवरच्या 'चालत नाही'ला या परिपत्रकात जागा नाही.

परळच्या ताईंनी तसा अर्ज केला आहे. सोबत वीस वर्षांच्या भाडेपावत्या, पगाराच्या स्लिपा, मिस्त्रीचे अंदाजपत्रक आणि जातीचा दाखला. पहिल्या दिवशी शाखेत पोच द्यायला तयार नव्हते. दुसऱ्या दिवशी आमच्यातले दोघे सोबत गेले, परिपत्रकाची प्रत टेबलावर ठेवली, तेव्हा शिक्का मिळाला. उत्तर अजून आलेले नाही. मोरीखाली त्यांनी सध्या प्लास्टिकचा कागद अंथरला आहे.